पाणी बाहेर, मेण आत: टिश्यूपासून स्लाइडपर्यंतचं काम कसं करायचं

मी कोपरखैरण्याला राहते, हिस्टोपॅथॉलॉजीत (शरीरातून काढलेले तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासायचा विभाग) टेक्निशियन म्हणून १२ वर्षं झाली, आधी ठाण्यात एका छोट्या लॅबला होते आणि आता नवी मुंबईतच. दरवर्षी डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) नाहीतर बीएस्सी करून नवीन मुलंमुली येतात, पायऱ्या सगळ्या तोंडपाठ असतात, फॉर्मॅलिन, अल्कोहोल, झायलिन, मेण, पण मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप घ्यायच्या यंत्रावर, बसले की सेक्शनचा, म्हणजे त्या कापाचा, चुरा होतो आणि कुठे चुकलं तेच कळत नाही. कारण पायरी पाठ असते, ती कशासाठी आहे ते कोणी नीट सांगितलेलं नसतं. म्हणून हे सगळं एकदा सलग लिहून काढतेय.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसवा. हे सगळं काम म्हणजे पाण्याचा हिशोब आहे. टिश्यूत, म्हणजे पेशंटच्या शरीरातून काढलेल्या तुकड्यात, भरपूर पाणी असतं, आणि पाणी नि मेण एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून आधी हळूहळू पाणी काढून त्याच्या जागी मेण भरायचं. मग कापून स्लाइडवर घेतलं की मेण काढून परत पाणी आणायचं कारण हिमॅटॉक्सिलिन, म्हणजे न्यूक्लियसला धरणारा रंग, पाण्यातलं आहे. आणि शेवटी कव्हरस्लिप (वरची पातळ काच) लावायच्या आधी पुन्हा एकदा पाणी काढायचं. स्लाइड बिघडली की मी पहिला प्रश्न हाच विचारते, पाणी नको तिथे राहिलं का, की हवं तिथे नव्हतं. बरेचदा उत्तर तिथेच मिळतं.

पहिला तास

पेशंटच्या शरीरातून तुकडा बाहेर आला की त्याचा रक्तपुरवठा बंद होतो आणि पेशी आपल्याच एन्झाइमने विरघळायला लागतात. हे थांबवायचं काम फॉर्मॅलिन करतं, प्रोटीनच्या साखळ्या एकमेकांना बांधून टाकतं, टिश्यू आहे त्या अवस्थेत पक्का होतो. फॉर्मॅलिनचा हा उपयोग १८९३ मध्ये फर्डिनांड ब्लूम नावाच्या जर्मन डॉक्टरच्या लक्षात आला, तो जंतुनाशक म्हणून त्याची तपासणी करत होता आणि त्याच्या बोटांची कातडी कडक झाली. आजही आपण तेच वापरतोय.

इथे नवीन लोकांचा हमखास गोंधळ होतो तो टक्क्यांचा. बाटलीत विकत मिळतं ते फॉर्मॅलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइडचं ३७ ते ४० टक्के द्रावण. आपण वापरतो ते १० टक्के फॉर्मॅलिन म्हणजे त्या बाटलीतलं १ भाग आणि पाणी ९ भाग, म्हणजे खरं फॉर्माल्डिहाइड ४ टक्क्यांच्या आसपासच. आणि नुसतं पाणी घालून चालत नाही, बफर लागतं. १ लिटर करायचं असेल तर बाटलीतलं फॉर्मॅलिन १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट अनहायड्रस ६.५ ग्रॅम. पीएच ७ च्या जवळ आला पाहिजे, पेपर लावून बघाच. बफर नसलं की फॉर्मॅलिन हळूहळू ॲसिडिक होतं आणि रक्त जास्त असलेल्या टिश्यूत, म्हणजे स्प्लीन (प्लीहा) वगैरेमध्ये, काळपट तपकिरी दाणे दिसायला लागतात, आणि बघणाऱ्याला वाटतं काहीतरी पिगमेंट आहे.

प्रमाण किती, तर टिश्यूच्या निदान १० पट फॉर्मॅलिन. बाटली तोंडाने रुंद पाहिजे. हे मी कळवळून सांगते कारण ठाण्याला असताना एका नर्सिंग होममधून पित्ताशय आलं होतं, अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेलं, वर इंचभर द्रव, आणि तेही फॉर्मॅलिन नव्हतं, नॉर्मल सलाइन होतं. संध्याकाळी ऑपरेशन झालं, रात्रभर बाटली काउंटरवर, दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याकडे. उघडलं तर आतली मऊ अस्तराची लेयर सुटून चिखलासारखी झालेली. प्रोसेसिंग कितीही जीव ओतून केलं तरी ती परत येत नाही. पॅथॉलॉजिस्ट सर तासभर मायक्रोस्कोपवर बसले होते आणि रिपोर्टमध्ये ऑटोलिसिसची, म्हणजे पेशी आपोआप विरघळल्याची, नोंद करावी लागली. ज्या माणसाचं ते होतं त्याला दुसरं पित्ताशय थोडीच आहे. म्हणून वॉर्डातल्या सिस्टरना, ओटीतल्या मामा-मावशींना हे प्रेमाने आणि परत परत सांगायचं: सलाइन नको, पाणी नको, फॉर्मॅलिन, आणि भरपूर.

फॉर्मॅलिन आत शिरतं ढोबळमानाने तासाला १ मिमी, आणि जसजसं आत जातं तसा वेग अजून कमी होतो. छोट्या बायोप्सीला ६ ते ८ तास पुरतात, मोठ्या स्पेसिमेनला २४ तास तरी धरा, पण अख्खं ठेवून नाही. गर्भाशय उघडून ठेवायचं, आतडं उभं कापून धुऊन बोर्डावर पिनांनी ताणून ठेवायचं, ब्रेस्टची मोठी गाठ असेल तर पावाच्या स्लाइससारखे काप मारून मध्ये गॉझ ठेवायचा म्हणजे फॉर्मॅलिन पोचतं. काप मारायच्या आधी मार्जिनना (सर्जनने कापलेल्या कडांना) इंक लावायची असते, आणि सर्जनने दिशा कळायला टाके घातलेले असतात, म्हणून हे पॅथॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय करू नका. ब्रेस्ट कॅन्सरच्या केसला वेळेची शिस्त जास्तच, काढल्यापासून १ तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये, आणि फॉर्मॅलिनमध्ये कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास, कारण पुढे ईआर, पीआर, हर-टू या गाठीच्या पेशींवर करायच्या टेस्टवर पेशंटची औषधं ठरणार असतात. फॉर्मवर काढल्याची वेळ आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ दोन्ही लिहून घ्या, कोणी कंटाळा केला तर फोन करून विचारा.

ठाण्याहून वाशीकडे येणारे सॅम्पल आमच्याकडे ट्रान्स-हार्बरच्या लोकलने येतात. बाटलीचं झाकण टेपने बंद, ती बाटली झिपच्या पिशवीत, पिशवीत कापसाचा जाड थर, मग उभ्या डब्यात, आणि फॉर्म वेगळ्या प्लास्टिकमध्ये. फॉर्माल्डिहाइड माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत पहिल्या गटात आहे, गर्दीच्या डब्यात कोणाच्या अंगावर सांडणं परवडणारं नाही. आणि नाव-नंबर बाटलीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको, झाकणं बदलतात.

ग्रॉसिंग आणि कॅसेट

ग्रॉसिंग, म्हणजे स्पेसिमेन डोळ्यांनी बघून त्यातून तुकडे कापणं, पॅथॉलॉजिस्ट करतात, आपण शेजारी उभं राहून लिहून घेतो आणि कॅसेट, म्हणजे तुकडा ठेवायची जाळीची छोटी डबी, देतो. आपली जबाबदारी एवढीच की कॅसेटमध्ये जाणारा तुकडा ३-४ मिमीपेक्षा जाड नको आणि कॅसेट खच्चून भरलेली नको. कॅसेटचं झाकण लावताना टिश्यू दाबला गेला, जाळीची नक्षी उमटली, म्हणजे तुकडा जाड आहे, तिथेच सांगा. सीनियर डॉक्टर असले तरी सांगा, चांगले डॉक्टर ऐकतात. बारीक बायोप्सी, एंडोस्कोपीचे कण, क्युरेटिंग (गर्भाशयातून खरवडून काढलेले कण), हे सगळं फिल्टर पेपरमध्ये गुंडाळून, किंवा स्पंजच्या दोन चकत्यांमध्ये, नाहीतर जाळीतून निघून जातं. किती तुकडे आले ते मोजून लिहा, एम्बेडिंगला, म्हणजे मेणात बसवताना, तेवढेच सापडले पाहिजेत.

नंबर शिसपेन्सिलीने. बॉलपेन, साधा मार्कर अल्कोहोल नि झायलिनमध्ये धुऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी हातात कोऱ्या कॅसेट येतात.

हाड किंवा कॅल्शियम असलेला टिश्यू असेल तर आधी फॉर्मॅलिनमध्ये नीट फिक्स करून मग डीकॅल्सिफिकेशन, म्हणजे कॅल्शियम काढणं. घाई असेल तर ५ टक्के नायट्रिक ॲसिड, सावकाश चालत असेल तर १० टक्के फॉर्मिक ॲसिड, आणि पुढे इम्युनो (अँटिबॉडी वापरून करायची टेस्ट) लागणार असेल तर ईडीटीए नावाचं रसायन, ते आठवडे घेतं पण टिश्यूला जपतं. झालं की नाही ते सुई टोचून बघू नका, भोकं स्लाइडवर दिसतात. द्रावण काढून अमोनियाने न्यूट्रल करून त्यात अमोनियम ऑक्झलेट घाला, गढूळ झालं तर कॅल्शियम अजून निघतंय.

प्रोसेसिंग: पाणी खरंच गेलं का

आमच्याकडचं रात्रीचं शेड्यूल साधारण १६ तासांचं आहे. फॉर्मॅलिन २ तास, ७० टक्के अल्कोहोल १ तास, ९० टक्के १ तास, मग ॲब्सोल्यूट, म्हणजे बिनपाण्याच्या, अल्कोहोलचे तीन जार, १ तास, दीड तास, दीड तास. झायलिनचे दोन जार, दीड दीड तास. मेणाचे तीन, दीड, दीड आणि २ तास. आपल्याकडे बऱ्याच लॅब इथेनॉलऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, त्याने काम व्यवस्थित होतं. एकदम ॲब्सोल्यूटमध्ये टाकलं तर पाणी झटक्यात ओढलं जातं आणि टिश्यू आक्रसतो, म्हणून पायऱ्या. झायलिन मधला दुवा आहे, ते अल्कोहोलमध्येही मिसळतं आणि मेणातही. झायलिनमध्ये टिश्यू काचेसारखा पारदर्शक दिसायला लागला की पाणी गेलं असं समजायचं.

आता माझा जुलै सांगते. तेव्हा मला दीडेक वर्ष झालं होतं, प्रोसेसरची, म्हणजे टिश्यू या जारमधून पुढे नेणाऱ्या यंत्राची, जबाबदारी पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती. पावसाळा जोरात, खिडकीबाहेर सगळं ओलंचिंब. ॲब्सोल्यूटचे जार बदलायचा दिवस येऊन दोन दिवस झाले होते, कामाच्या गडबडीत माझ्याकडून राहिलं. सकाळी झाकण उघडलं तर झायलिनचा पहिला जार दुधासारखा पांढरट. मला त्याचा अर्थ कळला नाही, मी कॅसेट काढून एम्बेड करायला घेतल्या. आमचे सीनियर काका मागून आले, जारकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं बाळ, झायलिन पांढरं झालं म्हणजे त्यात पाणी आलंय, तुझ्या टिश्यूत मेण गेलेलंच नाही." तोपर्यंत एक ब्लॉक (मेणात बसवलेला टिश्यू) मी कापायला लावला होता, एंडोमेट्रियल क्युरेटिंगचा. बाजूचं मेण छान कापलं जात होतं आणि मधला टिश्यू ओल्या भाकरीच्या तुकड्यासारखा मऊ, ब्लेडने ओढला जाऊन खड्डा पडत होता. पोटात गोळा आला माझ्या.

काका ओरडले नाहीत, त्यांनी सगळे ब्लॉक परत वितळवायला लावले. असं झालं तर करायचं ते हे: मेण वितळवा, टिश्यू ताज्या झायलिनमध्ये दोनदा, मग ताज्या ॲब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये निदान दोन बदल, म्हणजे राहिलेलं पाणी निघतं, आणि मग परत नवं झायलिन आणि मेण. त्या दिवशीचे रिपोर्ट एक दिवस उशिरा गेले पण एकही टिश्यू वाया गेला नाही. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. शेवटच्या ॲब्सोल्यूटच्या जारमध्ये तळाला निर्जल कॉपर सल्फेट ठेवते, वर फिल्टर पेपर. हे कॉपर सल्फेट पांढरं असतं आणि पाणी मिळालं की निळं होतं. निळसर झाक आली की जार बदलायचा, कॅलेंडर काहीही म्हणो. खाडीकाठच्या आपल्या हवेत, खास करून जून ते सप्टेंबर, ॲब्सोल्यूट अल्कोहोल हवेतलं पाणी खेचतं, झाकण उघडं राहिलं की ते ॲब्सोल्यूट राहत नाही. पुस्तकातलं वेळापत्रक कोरड्या हवेत लिहिलेलं असू शकतं, आपल्याला आपली बाटली बघूनच ठरवावं लागतं.

मेणाचं तापमान वितळबिंदूच्या फक्त २-३ अंश वर. ५८-६० चं मेण असेल तर ६२ च्या आसपास. "अजून थोडं गरम ठेवू म्हणजे लवकर शिरेल" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, टिश्यू भाजल्यासारखा कडक होतो. झायलिनमध्येही गरजेपेक्षा जास्त वेळ राहिला तर ठिसूळ. आणि प्रोसेसर इन्व्हर्टरवर असलाच पाहिजे. रात्री महावितरणची लाइट गेली आणि बास्केट दोन जारच्या मध्ये हवेत लटकून राहिली तर सकाळपर्यंत टिश्यू सुकून जातो, ते नुकसान सगळ्यात वाईट. लाइट जायची सूचना आलेली असेल त्या रात्री मी बास्केट फॉर्मॅलिनमध्येच ठेवते आणि दुसऱ्या दिवशी हाताने करते.

एम्बेडिंग

मोल्डमध्ये, म्हणजे मेणाच्या साच्यात, जो भाग खाली टेकेल तोच ब्लेडसमोर आधी येणार, हे एवढं लक्षात ठेवलं की निम्मं एम्बेडिंग आलं. मोल्डमध्ये थोडं गरम मेण, टिश्यू ठेवा, चिमट्याने हलकेच दाबून तळाला सपाट बसवा, मोल्ड क्षणभर थंड जागेवर टेकवा म्हणजे खालचं मेण धरतं आणि टिश्यू हलत नाही, वर नंबरची कॅसेट, वरून मेण, मग कोल्ड प्लेट.

त्वचा आडवी झोपवायची नाही, कडेवर उभी, म्हणजे वरच्या थरापासून खालच्या चरबीपर्यंत सगळं एका सेक्शनमध्ये दिसतं. अपेंडिक्स, फॅलोपियन ट्यूब, व्हास (शुक्रवाहिनी), या नळ्या उभ्या, कापल्यावर बांगडीसारखं गोल दिसलं पाहिजे. एंडोस्कोपीचे चारपाच कण असतील तर सगळे एका ओळीत आणि एकाच पातळीवर, नाहीतर पहिले दोन कापून संपतात तेव्हा कुठे बाकीचे यायला लागतात. चिमटा प्रत्येक केसनंतर पुसा. एकाचा कण दुसऱ्याच्या ब्लॉकमध्ये गेला तर नुसती चूक नाही, कोणाच्या तरी निरोगी बायोप्सीत कॅन्सरचा तुकडा दिसू शकतो.

मायक्रोटोम

आधी हात सांभाळा. ब्लॉक आधी लावायचा, ब्लेड नंतर. काढताना ब्लेड आधी. ब्लॉकला हात लावायचा तर चाक लॉक आणि ब्लेडवर गार्ड. कितीही घाई असो, यात सूट नाही, मी रक्त निघालेली बोटं बघितलीयेत.

ब्लॉक १५-२० मायक्रॉनवर (१ मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) ट्रिम करा टिश्यूचा पूर्ण चेहरा दिसेपर्यंत, पण बारीक बायोप्सीला एवढं ट्रिम नाही, तिथे दोनचार फेऱ्यांत टिश्यू संपतो. मग ब्लॉक बर्फावर, तोंड खाली, १० मिनिटं. बर्फाने मेण कडक होतं आणि वितळलेलं थोडं पाणी वरच्या थरात शिरून टिश्यू जरा मऊ होतो, इथे पाणी आपल्याला हवंय. नंतर ३-४ मायक्रॉन. हा आकडा डोळ्यासमोर यावा म्हणून सांगते, आपली लाल पेशी ७ मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे आपण तिच्याहूनही पातळ काप घेतोय. किडनी बायोप्सीला २ मायक्रॉन मागतात. चाक एका लयीत, हळू फिरवा. खेचून, थांबून, परत जोरात असं केलं की एक जाड एक पातळ येतं.

रिबनकडे, म्हणजे एकाला एक जोडून येणाऱ्या सेक्शनच्या पट्टीकडे, बघून ब्लॉक काय म्हणतोय ते ओळखायला शिका. सगळ्या सेक्शनवर एकाच जागी उभी रेघ म्हणजे ब्लेडला त्या ठिकाणी खाच, ब्लेड सरकवून नवी धार घ्या. आडव्या बारीक पट्ट्या, खिडकीच्या पडद्यासारख्या, म्हणजे कुठेतरी स्क्रू ढिला आहे किंवा टिश्यू फार कडक. रिबन वाकडी जात असेल तर ब्लॉकच्या वरची-खालची कड समांतर नाही, मेण थोडं तासा. सेक्शन गोळा होत असेल, सुरकुत्या पडत असतील, तर ब्लॉक गरम झालाय, परत बर्फ. मे महिन्यात एसी बंद पडला की ठाण्याच्या त्या जुन्या लॅबला आम्ही सकाळी लवकर येऊन सगळं कापून घ्यायचो, दुपारी मेण हातात येतच नव्हतं. आणि मधला टिश्यू चुरा होऊन पडत असेल नि बाजूचं मेण ठीक असेल तर वर सांगितलेला जुलै आठवा, प्रोसेसिंगकडे परत जा.

वॉटर बाथ मेणाच्या वितळबिंदूपेक्षा १०-१५ अंश कमी, म्हणजे ४५ ते ४८. रिबनची चमकदार बाजू पाण्याला लागली पाहिजे, एक टोक आधी टेकवून हळूच ओढत सोडा म्हणजे ताणली जाते. फार वेळ तरंगू देऊ नका, पेशी एकमेकींपासून सुटायला लागतात. सुरकुत्या हट्टी असतील तर आधी २० टक्के अल्कोहोलवर तरंगवून मग पाण्यात, पसरून जातं. स्लाइडवर नंबर आधी लिहायचा आणि मगच सेक्शन उचलायचा, एका वेळी एकच ब्लॉक. दोन ब्लॉकच्या मध्ये पाण्याच्या पृष्ठभागावरून टिश्यू पेपर फिरवा, तरंगणारा एखादा कण पुढच्या स्लाइडवर चिकटतो.

स्लाइड उभ्या निथळवा, मग ६० अंशाला अर्धा ते एक तास. पावसाळ्यात मी एक तास ठेवतेच, सेक्शनच्या खाली पाणी अडकलेलं असलं की स्टेनिंगच्या वेळी सेक्शन सुटून जारमध्ये तरंगताना दिसतो.

रंग

झायलिन दोनदा ५-५ मिनिटं, मेण जातं. ॲब्सोल्यूट दोनदा, ९० टक्के, ७० टक्के, नळाचं पाणी. स्लाइडवर पांढरे धब्बे दिसत असतील तर मेण राहिलंय, परत झायलिनला न्या, रंग तिथे धरणारच नाही.

हॅरिस हिमॅटॉक्सिलिन ५ ते ८ मिनिटं. रोज सकाळी गाळून घ्या, वर धातूसारखी चमकणारी साय येते ती स्लाइडवर निळे-काळे डाग पाडते. हा रंग मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून येतो, आणि तुरटीतल्या ॲल्युमिनियमच्या मदतीने न्यूक्लियसला धरतो. पाण्याने धुऊन १ टक्का ॲसिड अल्कोहोलमध्ये दोनतीन वेळा बुडवा, बस्स, जास्तीचा रंग निघतो. यात मोजून करा, एक बुडी जास्त झाली की न्यूक्लियस फिके.

मग ब्लूइंग. हळदीत चुना पडला की लाल कुंकू होतं ना, तसंच इथे, ॲसिडमध्ये हिमॅटॉक्सिलिन लालसर असतं आणि अल्कलीत गेलं की निळं. पुस्तकात लिहितात वाहत्या नळाखाली धरा, पण नळाचं पाणी पुरेसं अल्कलाइन असेल तरच ते होतं. आमच्याकडे स्कॉट्सचं द्रावण ठेवतो, १ लिटर पाण्यात सोडियम बायकार्बोनेट ३.५ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट २० ग्रॅम, १-२ मिनिटांत स्वच्छ निळं येतं. धुऊन एक स्लाइड ओली असतानाच मायक्रोस्कोपखाली बघा. न्यूक्लियसच्या आतली जाळी दिसली पाहिजे आणि बाजूचा सायटोप्लाझम जवळपास बिनरंगाचा. ही अर्ध्या मिनिटाची तपासणी करा, ईओसिन (नंतरचा गुलाबी रंग) चढल्यावर दुरुस्ती कठीण जाते.

ईओसिन १ टक्का, १ ते २ मिनिटं. पाण्यात आणि पातळ अल्कोहोलमध्ये ईओसिन उतरतं, म्हणून त्यानंतर ९५ टक्के पटकन आणि मग ॲब्सोल्यूटचे तीन बदल. चांगल्या स्लाइडमध्ये गुलाबीच्याही छटा असतात, लाल पेशी सगळ्यात भडक, स्नायू मध्यम, कोलॅजेन फिकट. सगळंच एकसारखं गुलाबी दिसत असेल तर ईओसिन जास्त झालंय.

झायलिन दोनदा, आणि डीपीएक्स, म्हणजे कव्हरस्लिप चिकटवायचा द्रव. कव्हरस्लिप एका कडेने तिरकी टेकवून हळू सोडा. सुकेपर्यंत वाट बघू नका, झायलिन ओलं असतानाच लावायची, सेक्शन कोरडा पडला की न्यूक्लियसवर काळे ठिपके चमकतात. आणि कव्हरस्लिपखाली धुकट दिसलं, बारीक थेंब थेंब दिसले, तर ते तेच आपलं पाणी. स्लाइड झायलिनमध्ये ठेवून कव्हरस्लिप सुटू द्या, ताज्या ॲब्सोल्यूटला मागे जा, परत या.

फ्रोझनचं, म्हणजे टिश्यू गोठवून कापायचं, थोडक्यात: ऑपरेशन चालू असताना रिपोर्ट हवा असेल तर टिश्यू फॉर्मॅलिनमध्ये टाकायचाच नाही, सलाइनने ओलसर गॉझमध्ये लगेच आणायचा, सलाइनमध्ये बुडवायचाही नाही, कारण जास्तीच्या पाण्याचे बर्फाचे स्फटिक होतात आणि टिश्यूत भोकं पडतात. क्रायोस्टॅट (थंड पेटीतला मायक्रोटोम) उणे २० अंशाच्या आसपास, चरबी असेल तर अजून थंड. उरलेला तुकडा मग फॉर्मॅलिनमध्ये.

उरलेलं सामान आणि ब्लॉक

टिश्यू पिवळ्या पिशवीत, ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, फुटक्या काचा निळ्या डब्यात, २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमात सगळं आहे. वापरलेलं फॉर्मॅलिन नि झायलिन बेसिनमध्ये ओतायचं नाही, वेगळ्या कॅनमध्ये साठवून उचलणाऱ्या एजन्सीला द्यायचं. आपल्या गटारांचं पाणी शेवटी ठाणे खाडीलाच जातं, तीच खाडी जिथे फ्लेमिंगो येतात आणि जी २०२२ पासून रामसर यादीत आहे. काम करताना ग्लोव्हज, मास्क, आणि एक्झॉस्ट चालू. झायलिन पेट घेतं, जवळ गॅस किंवा स्पिरिटचा दिवा नको.

ट्रे सरांकडे किंवा मॅडमकडे द्यायच्या आधी फॉर्म, ब्लॉक आणि स्लाइड तिन्ही नंबर एकमेकांशी जुळवा, मोठ्याने वाचून. ब्लॉकचं कापलेलं तोंड पातळ मेणाने बंद करून ड्रॉवरमध्ये नंबरवारी लावा, थंड जागेत, मुंग्या-झुरळांपासून लांब. कधीतरी नातेवाईक येतात, पेशंटला परळला टाटाला नाहीतर खारघरला न्यायचं असतं आणि तिथे ब्लॉक नि स्लाइड मागितलेल्या असतात. रजिस्टरला नोंद करा, सही घ्या, पॅथॉलॉजिस्टना विचारून ब्लॉक द्या, स्लाइड मेलरमध्ये (स्लाइड न्यायच्या डबीत), ब्लॉक कापसात गुंडाळून छोट्या डब्यात, रिपोर्टची झेरॉक्स सोबत. आणि मे महिना असेल तर तेवढं सांगा, दादा, हे स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, मेण मऊ पडतं, हातातल्या पिशवीत न्या.